निळी रजई, कोपरा जळका

कोल-ए-बेद
९ मीझान

सन्माननीय एवज अली साहेब यांस,

अभिनंदन! आपलं गाव श्रीमंत झालं. आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. काल आपले गावप्रमुख अरबाब खादिम बाजारातून तुमच्या ऑफिसचा कागद घेऊन आले, मशिदीपुढे गाव गोळा केलं आणि कागद माझ्या हातात दिला, कारण वाचता येणारी बाकीची माणसं इराणात विटा वाहताहेत. मी मोठ्याने वाचला. कोल-ए-बेद, घरं त्रेचाळीस, हिवाळी मदत, प्राधान्य तिसरं.

"तिसरं म्हणजे चांगलं ना गं?" झेवरने विचारलं. शेजारची झेवर, आठवते का? राखेत भाजलेला बटाटा तुमच्यासाठी लपवून ठेवायची ती. आता विधवा आहे, पदरी दहा वर्षांची पोर आहे. मी तिला समजावलं, की पहिल्या यादीला बर्फाआधी घर तापवायची बुखारी, कोळसा आणि रजया. दुसरीला पैसे आले तर. तिसरीला पैसे उरले तर. झेवर म्हणाली, "मग उरतात का?" सगळे हसले. म्हणजे आम्ही मजेत आहोत असं समजू नका, साहेब.

कागदाखाली सही कुणाची, ते मी वाचलं नाही. अक्षर लागत नसल्यासारखं केलं आणि कागदाची घडी घातली.

तुमच्या ऑफिसची मला गंमत वाटते. हिवाळा दरवर्षी येतो, ठरलेल्या दिवशी येतो, बिचारा कधी उशीर करत नाही. तरी दरवर्षी तुम्ही काबूलला दिवा लावून बसता आणि विचार करता, की अरेच्चा, थंडी येणार वाटतं! मग बैठका. मग जो जास्त गारठतो त्याला गुण. मग देणाऱ्यांची मनधरणी. तोवर कौस महिना लागतो, खिंड बंद होते आणि तुमचे ट्रक खिंडीच्या पलीकडे उभे. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मागच्या दलव महिन्यात माझा मुर्तझा गेला. इराणात गेलेल्या माझ्या मुलाचा, कुर्बानचा थोरला, चार वर्षांचा. छाती भरली, घरात जळण संपलं होतं, खिंड बंद होती. तुम्हाला कुणी कळवलं नसेल, कारण कळवणारी मीच होते. आता घरात माझी सून मासुमा आहे आणि मुर्तझाची बहीण माहगुल, पाच महिन्यांची. तिची छाती आत्ताच घरघरते. यंदा पाऊस नाही, डोंगरावर झुडूप नाही, निम्मी जनावरं विकली, त्यामुळे गोवऱ्यासुद्धा निम्म्याच.

सुंबुला महिन्यात तुमचा शकेब नावाचा माणूस येऊन गेला. पाच घरं बघितली, चहा प्यायला, गेला. त्याने काय बघितलं देव जाणे. आम्ही त्याच्यापासून काही लपवलं नाही.

नऊ वर्षांपूर्वीपर्यंत तुमची बहीण असलेली,
निकबख्त


२३ मीझान

एवज,

साहेब-बिहेब पुरे झालं. तुझं उत्तर पोचलं. "आपा, निर्णय गुणांवर झाला आहे. नोंदी चुकीच्या असतील तर कळव." दीड ओळ. आई गेली तेव्हाही तुझं असंच एक चिटोरं आलं होतं, सोबत कबरीच्या दगडासाठी पैसे. तेव्हा खिंड बंद होती, समजू शकते. पण त्यानंतर नऊ उन्हाळे खिंड सताड उघडी होती.

शकेबने भरलेले पाचही फॉर्म तू सोबत पाठवलेस, ते बरं केलंस. वाचून मासुमा हसायला लागली आणि मग तिला रडूच फुटलं. प्रत्येक घरात अकरा रजया. प्रत्येक घरात चार गाद्या, लोड, तांब्याची किटली. झेवरच्या घरात साखर! अरे, झेवरच्या पोरीने साखर कधी बघितली ते तिला आठवावं लागतं.

हे मी तुला समजावून सांगायचं? पाहुणा येणार म्हटलं की तो ज्या घरी बसणार तिथे गाव आपल्या रजया नेऊन टाकतं. तू कुठे जन्मलास, पॅरिसला? लसवाला आला होता तेव्हा डोक्यावर रजयांचा ढीग घेऊन छपरांवरून धावताना सय्यदच्या धुराड्यात कुणाचा पाय गेला होता? काळाकुट्ट होऊन कोण रडत आलं होतं? पूर्वी पाहुणा एका घरी बसायचा. तुमच्या शहाण्यांनी काढलं की पाच घरं बघायची. मग रजयांनीही पाच घरं केली. तुमचा शकेब पुढच्या दारातून निघाला की रजया मागच्या छपरावरून पुढच्या घरी. किटली गरमच जायची. त्या बापड्याला वाटलं, काय सुबत्ता आहे! पाच घरी पाच वेळा चहा प्यायला आणि प्रत्येक वेळी तीच फुटक्या कानाची पेली. त्याला नाही कळलं, तो शहरातला आहे, त्याला माफ.

पण तू? फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात रजयांची स्थिती लिहिली आहे. पोरगं मन लावून काम करतं हो. पहिलं घर: "चांगली, एक निळी, कोपरा जळका." दुसरं घर: "चांगली, एक निळी, कोपरा जळका." पाचही घरांत. पाच वेळा वाचलंस आणि पाच वेळा सही केलीस.

ती आईची रजई आहे, एवज. तो कोपरा तू जाळलास. निखाऱ्यांवरच्या सांदलीत, रजईखाली पाय घालून धडा वाचत होतास, लाथ मारलीस, निखारा उडाला. आई आली तेव्हा मी म्हटलं, माझ्या हातून झालं. मार मी खाल्ला, कारण तुला दुसऱ्या दिवशी शाळेत उभं राहून धडा म्हणायचा होता. तुझी पाटी मी पुसायचे आणि पुसण्याआधी वाचायचे, तेवढंच माझं शिक्षण. त्याच शिक्षणावर मी तुझे पाच फॉर्म वाचले आणि मला पहिल्या ओळीत कळलं. तू तर परदेशात जाऊन शिकून आलास म्हणे.

नोंदी चुकीच्या आहेत. कळवलं.

निकबख्त


८ अक्रब

एवज,

बारा तारखेला तू स्वतः फेरतपासणीला येतोयस, पत्रं नेणाऱ्या मुसा ड्रायव्हरने सांगितलं. गावात त्याने एवढ्या मोठ्याने सांगितलं की आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. कागदावर सही तुझी होती हेही कळलं. अरबाब मला म्हणाले, "तुला अक्षर लागलं नव्हतं ना, निकबख्त?" मी म्हटलं, "म्हातारी झाले, अरबाब, डोळे गेले." ते म्हणाले, "डोळे नाही गेले तुझे."

तू येण्याआधी एक गोष्ट लिहून टाकते. समोर आलास की माझ्या तोंडून निघायची नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं की गावाने रजया फिरवल्या. गावाने नाही फिरवल्या. मी फिरवल्या. शकेब गाडीतून उतरला आणि म्हणाला, "मी एवज अली साहेबांच्या ऑफिसातून आलोय." झालं. अरबाब म्हणत होते, माझ्या घरी त्याला नीट बसवू, चहा पाजू, बाकीची घरं जशी आहेत तशी बघू देत. मी म्हटलं, मुळीच नाही. मीच बायका गोळा केल्या, मीच पोरांना छपरावर चढवलं. झेवरच्या घरात तर एकच रजई होती. "मी रात्री काय घेऊ?" असं ती म्हणाली नाही, काढून दिली. का केलं मी हे? कारण काबूलला जाऊन त्याने तुला सांगितलं असतं, साहेब, तुमची बहीण भोकं पडलेल्या नमद्यावर बसते. आणि तुला दया आली असती. तुझ्या रागाला मी पुरून उरले असते रे, पण तुझी दया मला नको होती.

असं आहे बघ. अकड माझी आणि तिची किंमत मोजायची माहगुलच्या छातीने. तुला शिव्या देताना मला सारखं आठवतं, की आपलेच दात आणि आपलेच ओठ.

म्हणून आता ऐक. मी गावाला सांगितलंय, एवज येईल तेव्हा एकही रजई हलवायची नाही. गादी नाही, लोड नाही, चहा नाही. जमिनीवर बसवायचं. त्याला दिसू दे. अरबाब उभेच राहिले. म्हणाले, "बाई, तुला वेड लागलंय. गाव थंडीने मेलं तर देव देणाऱ्यांना जाब विचारेल. पाहुणा उघड्या जमिनीवर बसला तर मला विचारेल."

"तो पाहुणा नाही," मी म्हटलं, "तो ऑफिसचा माणूस आहे."

"चार कोसांवरून आलेलं कुत्रंसुद्धा पाहुणंच असतं."

"मग कुत्र्याला द्या चहा. माझ्या भावाला द्यायचा नाही."

दोन दिवस भांडण चाललं. शेवटी मी मुर्तझाचं नाव घेतलं. तसं मी कुणापुढे घेत नाही. अरबाबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "ठीक. पण त्या दिवशी मी गावात नसेन. मला बघवणार नाही."

तर ये. वाटेत बाजारात पोटभर खाऊन ये. इथे काही मिळणार नाही.

निकबख्त


१७ अक्रब

एवज,

तू गेल्याला पाच दिवस झाले. गावात माझ्याशी कुणी बोलत नाही. पाणवठ्यावर गेले की बायका घागरी उचलून निघतात. सय्यदची सून मला ऐकू जाईल असं म्हणाली, "सख्ख्या भावाला मातीवर बसवलं हिने." अरबाबांनी कालही सलाम घेतला नाही. फक्त झेवर येते, आणि तिला मी त्या दिवशी दंडाला धरून मागे ओढलं होतं.

तुला ते दिसलं का, मला माहीत नाही. तू "सलाम, आपा" म्हणालास, मी "बस" म्हटलं आणि जमीन दाखवली. तू आधी माझ्याकडे बघितलंस. मग बूट काढून बसलास, पाय दुमडून, लहानपणी बसायचास तसा. केस पांढरे झाले तुझे. पोट सुटलंय. मला वाटलं होतं, चिडशील. चिडला असतास तर मला सोपं गेलं असतं.

तेवढ्यात झेवर मागच्या दाराने पेली घेऊन घुसली. चहा! तुझ्यासाठी! मी तिला उंबऱ्यातच धरली. पेली सांडली, तिचा हात भाजला. ती कुजबुजली, "अगं, तो नऊ वर्षांनी आलाय." मी म्हटलं, "चहा प्यायला की तो आपल्याला पुन्हा तिसऱ्या यादीत घालेल." तू आतून म्हणालास, "आपा, पाणी तरी दे." पाणी दिलं. तेवढं वैऱ्यालाही देतात.

मग तुझे प्रश्न. रजया किती? दोन. माणसं? दोन बायका, एक तान्ही. जळण? गोवऱ्या, जदी महिना अर्धा सरेपर्यंत पुरतील. "आणि ती निळी?" मी म्हटलं, शेळीखाली घातली. खोटं बोलले. का बोलले कोण जाणे, तुला टोचावं म्हणून असेल. पण माहगुल तेव्हाच खोकली. तू उठून कोपऱ्यात गेलास, तिच्यावरची रजई उचललीस आणि जळक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलंस. कितीतरी वेळ खोकला ऐकत उभा राहिलास. मासुमाला विचारलंस, "हा खोकला कधीपासून?" नंतर लिहिलंस. काय लिहिलंस ते बघायला मी मान उंचावली नाही.

त्रेचाळीसच्या त्रेचाळीस घरं फिरलास. पाच बघून गेला नाहीस, हे मात्र मान्य करते. आणि कुठेही तुला कुणी गादी घातली नाही. बायका तोंडावर ओढणी घेऊन भिंतीकडे बघत होत्या. म्हातारा हैदरबाबा तर रडला म्हणे. असा लाजिरवाणा दिवस गावावर कधी आला नसेल.

संध्याकाळी तू आईच्या कबरीकडे गेलास. मला सांगितलं नाहीस, पण मी छपरावरून बघितलं. वारा सुटला होता, टोपी हातात धरून उभा होतास. मुसाने दोनदा हॉर्न वाजवला तरी हलला नाहीस. मी हाक मारणार होते. नाही मारली.

एक सांगायचं राहिलं. चहा मी केला होता. किटली मागच्या चुलीवर होती, साखर अरबाबांच्या घरून आणून ठेवली होती. तू गेल्यावर मी आणि झेवर प्यायलो. थंड झाला होता.

निकबख्त


२९ अक्रब

एवज,

वा रे वा! गाव पहिल्या यादीत आलं. मशिदीपुढे कागद वाचला, बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. हैदरबाबाने मला दुवा दिली, सय्यदच्या सुनेने पुन्हा सलाम केला. आणि मग मी पान उलटलं.

"देणाऱ्यांनी यंदा हात आखडता घेतल्यामुळे त्रेचाळीसपैकी एकोणीस घरांनाच मदत देता येईल. सर्वांत गरजू एकोणीस नावं गावानेच ठरवावीत. यादी निकबख्त यांनी करून पाच दिवसांत पाठवावी."

ही तुझी शक्कल, नाही? काबूलमध्ये याला न्याय म्हणत असतील. कापायची वेळ आली की सुरी बहिणीच्या हातात द्यायची आणि आपण म्हणायचं, लोकांनी ठरवलं हो, आम्ही कोण? तू पत्रात लिहितोस, "आपा, मी बैठकीत तीन तास भांडलो, सगळ्या जिल्ह्यांतून एवढंच हाती आलं. बाहेरच्या माणसाने केलेल्या यादीपेक्षा तुझी यादी बरोबर असेल." गोड बोलून गळा कापतोस. तुझ्या तीन तासांचं मी काय करू? त्यांनी घर तापतं का?

तीन दिवस घरोघर फिरले. प्रत्येक घरी मला गादी घातली, एवज. मला! जन्मभर यांच्याबरोबर शेण थापलं, आता मी आले की लोड सरकवतात, पेलीत साखर घालतात. मी म्हटलं, "अगं, मी निकबख्त आहे." सय्यदची सून म्हणाली, "आता तू यादी आहेस." एकीने पोराला माझ्यासमोर खोकायला सांगितलं. तेही शहाणं, खोकलं. हैदरबाबा म्हणाला, "मला खोड, मी नाहीतरी जाणाराच. फक्त सुनेला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून." मागोमाग सून बाहेर आली आणि म्हणाली, "म्हाताऱ्याचं ऐकू नकोस, तो दर हिवाळ्यात जाणार असतो."

तान्ही पोरं असलेली घरं आधी घेतली. मग पोटुशा. मग छप्पर खचलेली. अठरा झाली. एकोणिसाव्या जागेला दोन घरं उरली, आणि दोन्हीकडे बघत मी कालपासून बसले आहे. एक झेवरचं. कर्ता पुरुष नाही, शेळी नाही, एक रजई, आणि पोरगी इतकी वाळलेली की वाऱ्याने जाईल. दुसरं माझं. तान्ही पोरं असलेली घरं आधी लिहिताना माझं घर मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. मला वाटलं होतं, सोळा-सतराच घरं भरतील, शेवटी आपोआप आपलंही बसेल. ही लबाडी तुझ्या ऑफिसलासुद्धा जमली नसती.

मुसा हॉर्न वाजवतोय. यादी सोबत आहे. एका जागी खाडाखोड झाली आहे, त्याबद्दल मला काही विचारू नकोस.

निकबख्त


९ कौस

एवज,

ट्रक आले. खिंडीत गुडघाभर बर्फ होतं, तरी आले. एकोणीस बुखाऱ्या, एकेका घराला आठ पोती कोळसा, चार करड्या रजया.

अरबाबांनी ट्रकपाशी नावं वाचायला मला उभं केलं. अठरा वाचली. एकोणिसावं माझंच होतं. मी ते वाचलं. झेवर समोर उभी होती, पोरीचा हात धरून. पोरीला म्हणाली, "चल, मावशीची बुखारी उचलायला हात लाव." आणि लावला. माझी बुखारी माझ्या घरी तिने आणि तिच्या पोरीने आणली, एवज. तुला मी दोन महिने जे जे म्हणत आले, ते सगळं दारापर्यंत माझ्याबरोबर चालत आलं. पाच वेळा वाचून सही करणारा, आपल्या माणसाला न ओळखणारा, गोड बोलून गळा कापणारा. तू निदान नऊ वर्षं लांब राहून केलंस. मी तिच्या चुलीवरचा चहा पिऊन केलं.

घरात नवी बुखारी पेटली की शेजारणीने मूठभर काहीतरी आणून मुबारक म्हणायचं असतं, तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी झेवर आली. पदरात चिमूटभर साखर. कुठून आणली विचारलं नाही. बुखारीवर ठेवली, मुबारक म्हणाली आणि दाराशीच उभी राहिली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "झेवर, तुझं नाव लिहिलं होतं मी. लिहून खोडलं."

"माहीत आहे."

"तुला कुठे वाचता येतं?"

"तुझं तोंड वाचता येतं. त्याला शाळा लागत नाही." मग माहगुलकडे बघितलं. तिची छाती वाजत नव्हती, घर तापलं होतं. झेवर म्हणाली, "मी असते तरी हेच केलं असतं. तुला मात्र शिव्या दिल्या असत्या." मग म्हणाली, "बरं, एकोणीस जण कुठे बसतात ते ठरलं. आता विसावी कुठे बसते ते सांग. पाय दुखायला लागले."

मी तिला हाताला धरून आत घेतलं. बुखारीच्या बाजूला, माझ्या जागेवर बसवलं. संध्याकाळपर्यंत तिची पोरगी, मडकी आणि एकुलती रजई इकडे आली. सय्यदच्या सुनेने ते बघितलं. तिचं नाव यादीत होतं, तिच्या शेजाऱ्यांचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्याही घरी माणसं आली, कुरकुरत, भांडत, पण आली. हैदरबाबा आणि अरबाब एकाच बुखारीपाशी आले आणि आता दोघं दिवसभर एकमेकांचं डोकं खातात. चोवीस घरांना कड्या आहेत. त्रेचाळीस घरांची माणसं एकोणीस खोल्यांत झोपतात. माझ्याकडे आम्ही पाच जणी, आणि झेवर घोरते.

आता कामाचं. ट्रकबरोबर तुझ्या ऑफिसचा कागद आला आहे. वीस कौसला शकेब घोड्यावरून पडताळणीला येणार. पाच घरं बघणार. प्रत्येक घरात एक कुटुंब, एक बुखारी, चार करड्या रजया दिसल्या पाहिजेत. मदत दुसऱ्या कुणाला वाटलेली आढळली तर पुढच्या वर्षी गावाचं नाव कापणार. हे कुणी लिहिलं? तूच ना? की तुझ्यावरच्या कुणी? जाऊ दे. करड्या रजया कुणाकुणाच्या अंगावर आहेत, मलासुद्धा सांगता येणार नाही. मासुमाने तर एकीची झेवरच्या पोरीला बंडी शिवली.

तेव्हा काळजी करू नकोस, आम्हाला सवय आहे. तो पहिल्या घरी चहा पीत असेल तेव्हा चार रजया दुसऱ्या घराच्या छपरावर असतील. तेवढा अर्धा दिवस चोवीस घरांची माणसं आपापल्या थंड घरात जाऊन बसतील. शकेबला गादी मिळेल, लोड मिळेल, साखर घातलेला चहा मिळेल. अरबाब खूश आहेत, पाहुण्याला पाहुण्यासारखं वागवता येणार म्हणून.

हा मुसाचा शेवटचा फेरा. उद्यापासून गाडी बंद, वसंतापर्यंत माझं पत्र तुला येणार नाही. शकेबच्या हाती असलं काही देता येत नाही. त्याचे पाच फॉर्म तेवढे तुझ्या टेबलावर येतील. ते नीट वाच. करड्यांच्या बरोबर मी आईची निळीही पाठवीन, पाचही घरांत. तेवढा वेळ माहगुल माझ्या छातीशी राहील. शेवटच्या रकान्यात ती निळी दिसली, तर समज की त्रेचाळीसही घरांतली माणसं जिवंत आहेत आणि छपरांवरून धावताहेत. न दिसली, तर माझ्या हातात घेऊन धावण्यासारखं काही उरलं नाही असं समज.

मुसा विचारतोय, अजून किती लिहिणार. वसंतात ये. गादी घालीन.

पाच वेळा वाच, एवज. या वेळी ओळख. आणि मग गुपचूप सही कर.

तुझी बहीण,
निकबख्त